अडतीस रिंगा आणि एक काळी बीड

गेल्या अंकात ‘बेंझीनची रिंग धातूच्या मदतीने तुकड्यातुकड्यांनी बांधता येते’ असं एक वाक्य मी ओघात लिहून गेले (रिंग म्हणजे बेंझीनमधलं सहा कार्बनांचं कडं) आणि पुढे फोडणीच्या तेलाकडे वळले. त्या एका वाक्यावर या महिन्यात इतकी पत्रं आली, की तेल बाजूला ठेवलं आहे. औषधांच्या कंपनीत प्रोसेस विभागात माझी तीस वर्षं गेली आणि त्यातली बरीचशी रिंगांच्याच नादात गेली. त्यामुळे उत्तरं थोडी लांबतील.

प्रश्न: अकरावीला शिकवताना दरवर्षी सांगतो, की एसिटिलीन तापलेल्या लाल लोखंडी नळीतून 873 केल्विनला सोडलं की बेंझीन मिळतं. यंदा एका मुलीने विचारलं, मग कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे बेंझीन का होत नाही? मी वेळ मारून नेली. आता तुम्ही सांगा. (शिक्षक, जळगाव)

त्या मुलीला माझ्यातर्फे एक पेन द्या. वेल्डिंगच्या टॉर्चमध्ये एसिटिलीनच्या जोडीला ऑक्सिजन असतो, ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते, तिथे रिंग बांधायला सवड कुणाला? सगळं जळून जातं. ऑक्सिजन कमी पडला तर काजळी धरते, एवढंच.

पुस्तकातलं वाक्य खोटं नाही, पण फार चकचकीत आहे. फ्रान्सच्या मार्सेलँ बर्तलो यांनी 1866 साली एसिटिलीन भयंकर तापवून बेंझीन मिळवलं. त्यासोबत जो चिकट, डांबरासारखा ऐवज येतो, त्याचा पुस्तकात पत्ता नसतो. गंमत अशी, की दोन-दोन कार्बनांच्या तीन एसिटिलीनचं एक बेंझीन होताना दर मोलमागे जवळपास 600 किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. म्हणजे गाडी घाटाच्या उतारावरच उभी आहे, पण ब्रेक गच्च ओढलेला. तीन रेणूंनी एकाच वेळी, नेमक्या कोनात, पुरेशा जोराने एकमेकांना भेटायचं, हे आपसूक घडत नाही. नुसती आच वाढवली तर ब्रेक सुटतो खरा, पण मग गाडी वाट्टेल तिकडे जाते.

धातूने हा ब्रेक हलक्या हाताने सुटतो, हे जर्मनीत लुडविग्सहाफेनला वाल्टर रेप्पे यांनी दाखवलं. दाबाखालच्या एसिटिलीनला त्या काळी सगळे टरकून असत, कारण ते स्वतःहून फुटतं. आजही वेल्डिंगच्या सिलिंडरमध्ये ते ॲसिटोनमध्ये विरघळवून, सच्छिद्र भरावात मुरवून ठेवतात ते त्यासाठीच. रेप्पेंनी आधी निकेल वापरून चार एसिटिलीनची आठ कार्बनांची रिंग केली. पुढे त्याच निकेलला फॉस्फिनची, म्हणजे धातूला चिकटून बसणाऱ्या फॉस्फरसच्या संयुगाची, जोड दिली, तर तीनच एसिटिलीन जुळून बेंझीन निघालं. ही कामं 1948 साली छापून आली. निकेलभोवती चार जागा असतात. चारही मोकळ्या असल्या तर चार पाहुणे बसतात. एका जागेवर फॉस्फिनला बसवून ठेवलं, की उरतात तीन. मला विचाराल तर या सगळ्या शाखेतली सर्वांत देखणी गोष्ट हीच. धातू तोच, गॅस तोच, फक्त एक खुर्ची अडवली.

वर्गात सांगायला भोंडला बरा पडतो. फेर धरायचा असतो, पण मुली लाजतात. मग एखादी काकू दोघींचे हात दोन्ही बाजूंनी धरते. तिसरी आली की तिलाही आत ओढून घेते आणि फेर नीट जुळला की दोन मुलींचे हात एकमेकींच्या हातात देऊन आपण बाहेर सटकते, पुढच्या घरचा फेर धरायला. धातू अगदी हेच करतो. आधी दोन अल्काइन (एसिटिलीन किंवा त्याच्यासारखे तिहेरी बंधाचे रेणू) धरून त्यांच्या चार कार्बनांसह पाच जणांचं कडं करतो, त्यात पाचवा तो स्वतः. मग तिसरं अल्काइन आत येतं, सहा कार्बन जुळतात आणि धातू मोकळा होतो. तो खर्ची पडत नाही, म्हणून चिमूटभर पुरतो. अशा मदतनिसाला कॅटॅलिस्ट म्हणतात.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ पीएच.डी. करतो. ‘तीन तुकडे जोडून एक रिंग करायची आहे’ असं गेलं वर्षभर सांगतो आहे. तीन तुकडे जोडायला वर्ष लागतं का? घरी सगळे त्याला हसतात. (गणिताच्या शिक्षिका, सातारा)

हसू नका. तुमच्याच विषयात उत्तर देते. तीन वेगवेगळी अल्काइन घ्या, अ, ब आणि क. प्रत्येकाची दोन टोकं वेगळी, म्हणजे प्रत्येक तुकडा सुलटाही बसू शकतो, उलटाही. झाले सहा पर्याय. रिंगमध्ये तीन जागा, आणि एकच तुकडा दोनदा-तीनदा आला तरी धातूची हरकत नसते. 6 × 6 × 6 म्हणजे 216. आता रिंग फिरवली किंवा पालथी केली तर रेणू तोच राहतो, म्हणून 6 ने भागायचं. 36 येतात. पण खरं उत्तर 38 आहे. वरचे दोन कुठून आले, हे तुमच्या बारावीच्या वर्गाला विचारा, तास मजेत जाईल. (सूचना: तिन्ही जागी एकच तुकडा एकाच बाजूने बसला तर काय होतं ते पाहा.)

या 38 पैकी अ, ब, क तिघेही एकेकदा आलेत अशा रिंगा फक्त 8. आणि भावाला हवी आहे त्यातली एक. फ्लास्कमध्ये धातू टाकून तो रात्री घरी आला तर सकाळी त्याला डाळ, तांदूळ, खडे, सगळं एकत्र झालेलं मिळणार. मग ते वेगळं करायला आठवडाभर कॉलम (पदार्थ निवडणारी भरलेली काचेची नळी) चालवत बसा.

म्हणून ‘पद्धत विकसित करणं’ म्हणजे बव्हंशी उरलेल्या 37 जणींची वाट अडवणं. सर्वांत जुनी युक्ती म्हणजे दोन अल्काइन आधीच एका साखळीने बांधून टाकायची. मॅलोनिक एस्टर या साध्या रेणूवर दोन प्रोपार्जिल गट, म्हणजे टोकाला अल्काइन असलेले तुकडे, चढवले, की असा जोडरेणू तयार होतो. नवा कॅटॅलिस्ट निघाला की बहुतेक प्रयोगशाळा आधी याच रेणूवर तो चालवून बघतात, नव्या तव्यावर पहिला घावन टाकून बघावा तसा. त्याच्या दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे तिसरं अल्काइन कसंही आलं तरी रिंग एकच. मुंबईच्या आयआयटीत सांबशिवराव कोठा यांनी याच वाटेने इंडानच्या सांगाड्याची (बेंझीनला पाच कार्बनांची रिंग चिकटलेली) अमिनो आम्लं बांधली. तेव्हा ही विद्या परदेशातच आहे असं भावाने समजू नये.

दुसरी युक्ती आडदांडपणाची. अमेरिकेत बर्कलीला पीटर व्होलहार्ट यांनी कोबाल्ट वापरून एस्ट्रोन हे स्त्री-हार्मोन बांधलं. फंक यांच्यासोबतचं हे काम 1977 साली छापून आलं. त्यांनी तिसरं अल्काइन असं निवडलं, की त्याच्या दोन्ही टोकांना सिलिकॉनचे जाडजूड गट. तीन जाडे एका बाकावर मावत नाहीत, म्हणून ही अल्काइनं आपापसांत रिंग करत नाहीत. पण बांधलेल्या जोडीबरोबर त्यातलं एक बरोबर बसतं. रिंग झाल्यावर यातला एक सिलिकॉन गट काढून टाकला आणि दुसऱ्याच्या जागी एस्ट्रोनला हवा तो हायड्रॉक्सिल आणला. रखवालदारालाच शेवटी घरात घेतलं म्हणायचं.

आणि तिसरी युक्ती फक्त सोशिकपणाची. एक द्रावण सिरिंज पंपाने थेंबथेंब, सहा-सहा तास सोडत राहायचं, म्हणजे फ्लास्कमध्ये एका वेळी त्याची गर्दी होत नाही. तुमचा भाऊ रात्री उशिरा येतो तो बहुधा यामुळे. जेवण झाकून ठेवत जा.

प्रश्न: मॅडम, मी निकेलने अशीच रिंग करते आहे. टोल्यूईन, 110 अंश, पाच टक्के निकेल, 82 टक्के उत्पादन. गाईड खूश आहेत, पेपर लिहायला घेतला आहे. परवा सहज ब्लँक लावला, निकेल न घालता, आणि 30 टक्के उत्पादन आलं. अजून कुणाला सांगितलेलं नाही. काय करू? (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

गाईडना आजच सांग. हे पत्र मी छापायला देण्याआधी तुला वेगळं उत्तरही पाठवलं आहे, कारण मासिक येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नाही.

माझीच फजिती ऐक. कंपनीत असताना लोखंडाच्या क्लोराइडने दोन रिंगा जोडणारी एक रिॲक्शन आमच्या हाती लागली. लोखंड! पॅलेडियमच्या तुलनेत फुकटच. वरिष्ठांपर्यंत बातमी गेली, पेढेही आले. फक्त एक अडचण होती, ती रिॲक्शन आमच्या एकाच मुलाच्या हातून व्हायची. मी केली तर नाही, शेजारच्या टेबलावर केली तर नाही. सगळे म्हणायचे, त्याचा हातगुण. दोन महिने आम्ही हातगुणावर काढले. शेवटी एका दुपारी त्याचा फ्लास्क धुताना मला त्याची बीड दिसली, चुंबकावर फिरते ती पांढरी टेफ्लॉनची कांडी. तिच्या एका टोकाला पेन्सिलीने घासल्यासारखा काळा डाग. विचारलं तर म्हणाला, जुनीच आहे, सुझुकी कपलिंगला, म्हणजे पॅलेडियमने रिंगा जोडायला वापरायचो. नवीन बीड टाकली, उत्पादन शून्य. पेढे मात्र खाऊन झाले होते.

यात आपण एकटे नाही, हे तुला धीर यावा म्हणून सांगते. 2003 साली एका गटाने जाहीर केलं, की सुझुकी कपलिंग धातूशिवायच होतं, पाणी, सोडा आणि मायक्रोवेव्ह पुरे. 2005 मध्ये त्याच गटाने स्वतःच पुन्हा तपासून छापलं, की बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात 50 भाग पॅलेडियम होतं आणि काम तेच करत होतं. हिशेब करून बघ, दहा-दहा टनांचे दोन ट्रक भरून सोडा आणला तर त्यात एक ग्रॅम पॅलेडियम. तेवढ्यावर भागलं! स्वतःची चूक स्वतः छापणाऱ्या त्या मंडळींबद्दल मला पहिल्या शोधापेक्षा जास्त आदर आहे. पुढे 2009 मध्ये बुकवाल्ड आणि बोल्म यांनी दाखवलं, की लोखंडाच्या नावावर जमा झालेल्या काही रिॲक्शन प्रत्यक्षात लोखंडाच्या क्लोराइडमधल्या तांब्याच्या अंशाने होत होत्या. तरीही 2021 साली एका नामांकित नियतकालिकात ‘धातूविना सुझुकी’ पुन्हा आलं आणि त्याच वर्षी मागे घेतलं गेलं. दोष पुन्हा पॅलेडियमचाच.

तेव्हा आता क्रमाने चाल. नवा फ्लास्क, नवी बीड, नवा स्पॅच्युला (पदार्थ उचलायचा चमचा). स्टीलचा स्पॅच्युला नकोच, स्टीलमध्ये निकेल असतं आणि तुझा धातू नेमका तोच आहे. प्लास्टिकचा घे. सॉल्व्हंट नव्या बाटलीतलं. सुरुवातीचे पदार्थ तू स्वतः बनवले असशील तर कशाने? अल्काइन जोडायला सोनोगाशिरा, म्हणजे पॅलेडियम-तांब्याची रिॲक्शन, केली असशील तर पॅलेडियम आणि तांबं दोन्ही तुझ्या पदार्थातच बसलेले असणार, कॉलमने सगळं जात नाही. माझा संशय इथेच जास्त आहे. तो पदार्थ आयसीपी-एमएसला, म्हणजे धातूचे अंश मोजणाऱ्या यंत्राकडे, पाठव. आणि उलटा प्रयोगही कर. ब्लँकमध्ये मुद्दाम चिमटीभर पॅलेडियम टाक, मग कणभर टाक, मग त्याहून कमी, आणि उत्पादन कसं हलतं ते बघ. जुनी काच वापरावीच लागली तर अम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धू, पण वाफा ओढून घेणाऱ्या हुडमध्ये, झाकण न लावता, आणि जवळपास ॲसिटोन नको. आमच्याकडे एकाने उरलेलं अम्लराज बाटलीत भरून बूच घट्ट लावलं होतं. बाटली फुटली तेव्हा सुदैवाने सगळे कँटीनला होते.

एवढं करूनही ब्लँक चाललाच, तर मग तुझ्याकडे निकेलपेक्षा चांगली बातमी असू शकते. एका रेणूत तीन अल्काइन, त्यातली दोन लागून, आणि तिसरं योग्य अंतरावर असलं, तर नुसत्या उष्णतेने रिंग जुळते आणि मधल्या टप्प्यावर बेंझाइन, म्हणजे दोन हायड्रोजन कमी असलेलं, फार चपळ बेंझीन, तयार होतं. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या थॉमस हॉय यांनी 2012 साली त्यावर आख्खं दालन उघडलं. तुझ्या रेणूचं चित्र तू पाठवलेलं नाहीस, म्हणून यापुढे बोलत नाही. 82 मधून 30 वजा करून 52 टक्के निकेलचे, असं मात्र लिहू नकोस. गणित तसं चालत नाही.

प्रश्न: आमचा छोटा कारखाना तारापूरला आहे, रंगांची इंटरमीडिएट करतो. नायट्रेशनच्या ॲसिडचा निपटारा जड जातो. या धातूच्या पद्धतीने सरळ हवी ती रिंगच बनवली तर? (उद्योजक, पालघर)

तुमच्या मालासाठी नाही. तुम्ही ड्रमने विकत घेता ते बेंझीन-टोल्यूईन मोठ्या प्रमाणात धातूनेच बांधलेलं असतं, फक्त ते काम रिफायनरी करते. नॅफ्थ्यातल्या (खनिज तेलाच्या एका हलक्या भागातल्या) सरळ साखळ्या आणि साध्या रिंगा ॲल्युमिनावर बसवलेल्या प्लॅटिनमवरून, हायड्रोजनच्या संगतीत, 500 अंशांच्या आसपास सोडतात. हायड्रोजन सुटतो आणि ॲरोमॅटिक रिंग उरते. व्लादिमिर हेन्सेल यांची ही पद्धत 1949 पासून कारखान्यांत आली. त्या भावात कोबाल्ट आणि अल्काइन घेऊन रिंग बांधणं म्हणजे चांदीच्या कढईत भजी तळणं. अल्काइनची किंमतच तुम्हाला घाम फोडेल.

ही पद्धत परवडते ती जिथे रिंगच्या चार-पाच कोपऱ्यांवर वेगवेगळे गट ठरलेल्या जागी हवे असतात आणि नायट्रेशन, ब्रोमिनेशन करत गेलं तर दहा पायऱ्या लागतात तिथे. म्हणजे औषधं, काही इलेक्ट्रॉनिक्सचे पदार्थ. तिथेही शेवटी धातू काढण्याचा खर्च असतो. पोटात घ्यायच्या औषधातून पॅलेडियम दिवसाला 100 मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये, कोबाल्ट 50 च्या. अनेकदा रिॲक्शन एका दिवसात बसते आणि हा धातू काढण्यात सहा महिने जातात.

एक न विचारलेला सल्ला. पुढेमागे पॅलेडियम-कार्बन वापरलात तर गाळून झाल्यावर ते फिल्टरवर कोरडं पडू देऊ नका, पाण्याने ओलं ठेवा. कोरडं झालं की हवेत आपोआप पेटतं, आणि खाली मेथेनॉल असलं तर पुढचं सांगायला नको. वापरलेलं फेकूही नका, धातू परत काढणारे ते वजनावर विकत घेतात.

प्रश्न: ॲरोमॅटिक म्हणजे सुगंधी ना? मग या सगळ्या रिंगांना छान वास येतो का? (वाचक, वेंगुर्ले)

नाव पडलं तेव्हा हाती आलेल्या काहींना येत होता. नाव राहिलं, वास राहिला नाही. पिरिडीनची बाटली उघडलीत तर जन्मात विसरणार नाही, सडलेल्या मासळीची आठवण येते, आणि तुम्ही वेंगुर्ल्याचे म्हणजे तुम्हाला फरक नक्की कळेल. तीही ॲरोमॅटिकच. दोन अल्काइन आणि एक नायट्राइल (कार्बन-नायट्रोजनच्या तिहेरी बंधाचा रेणू) कोबाल्टवर जुळवलं, की पिरिडीनचीच रिंग होते. बेंझीनचा वास गोडसर असतो, पण हुंगायला जाऊ नका, त्याने रक्ताचा कर्करोग होतो.

प्रश्न: माझी मुलगी जर्मनीत संशोधन करते. फोनवर म्हणाली, ‘आई, मी सोन्याने रिंगा बनवते.’ मला आधी वाटलं दागिन्यांचा कोर्स बदलून घेतला की काय. खरंच सोनं वापरतात? आणि तिच्या बोटांवर व्हिडिओ कॉलमध्ये जांभळे डाग दिसले, ते कसले? (गृहिणी, सांगली)

ताई, आधी डागांचं. ते बहुधा सोन्याचेच आहेत. सोन्याचं क्लोराइड कातडीला लागलं की त्यातून सोन्याचे अतिसूक्ष्म कण सुटतात आणि ते पिवळे नाही, जांभळे दिसतात. धुऊन जात नाहीत, कातडीबरोबर काही दिवसांत निघून जातील. पण डाग पडला म्हणजे हातमोजा घातला नव्हता किंवा फाटका होता. तेवढं मात्र आईच्या आवाजात सांगा, गाईडचं कुणी ऐकत नाही.

आता सोनं. शेकडो वर्षं सोन्याची कीर्तीच मुळी कशाशीही न गंजणारं, कुणाशी न बोलणारं अशी. त्यामुळे कॅटॅलिस्ट म्हणून त्याच्याकडे फारसं कुणी बघितलंच नाही. 2000 साली जर्मनीतच हाश्मी यांनी दाखवलं, की फ्युरान (ऑक्सिजन असलेली पाच जणांची रिंग) आणि अल्काइन एकाच रेणूत असले तर सोन्याच्या क्लोराइडने ते आतल्या आत उलगडून फिनॉलची रिंग होते, तीही साध्या तापमानाला. दोन वर्षांनी जपानमध्ये सेंदाईला असाओ आणि यामामोतो यांनी सोन्यानेच नॅफ्थलीनच्या जातीच्या रिंगा बांधल्या. सोनं अल्काइनला हलकेच चिकटतं आणि त्याच्यातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून त्याला चटकन रिॲक्शन करणारं बनवतं. निकेल-कोबाल्टसारखं ते अल्काइनांचे हात धरून कड्यात उभं राहत नाही, बाहेरूनच नुसतं ढोसतं.

तिच्या फ्लास्कमध्ये असतील ते काही मिलीग्रॅम, म्हणजे नथीच्या फाशाइतकंही नाही. आणि तुमच्या बांगडीने हे काम होणार नाही, तिच्यातलं सोनं धातूच्या रूपात निवांत आहे. तिला लागतं ते क्षाराच्या रूपातलं. पुढच्या फोनवर तिला विचारा, की फॉस्फिन कुठला घातलास आणि ब्लँक लावलास का. फोन लवकर संपणार नाही.